कुलपासकट

छापखाना बंद पडल्यावर रामबागेतली ती पडवी
आम्ही सायकलींसाठी मागून घेतली.
मालक म्हणाले, घ्या, नाहीतरी तिथे उंदीरच वाचत बसतात.

सायकली येतात रविवारी.
एकीच्या दांड्यावर अजून मुलाचं नाव, पांढऱ्या रंगात,
'चि.' सकट.
एकीच्या कॅरिअरला सुतळी, सुतळीत मेथीची वाळली काडी.
देणारे घाईत असतात.
स्टँडवर लावून सीटवरून एकदा हात फिरवतात
आणि लगेच घड्याळ बघतात.

इद्रीसभाई बंबई बाजारातून येतात, पान्यांची पिशवी घेऊन.
चाक हवेत फिरवतात, कान लावतात.
"ही शिकवणीला जाणारी," म्हणतात,
किंवा, "हिला कुणीतरी रुसून टाकून दिलंय."
मी वहीत लिहिते: ब्रेक बदलले, स्पोक दोन नवे.
बँकेत तेहेतीस वर्षं असंच लिहिलं,
दुसऱ्यांचं, अचूक, शेरा न मारता.

घेणाऱ्यांसाठी फॉर्म आहे.
नाव, वस्ती, उत्पन्न, अंतर, कारण.
रकाने मीच आखलेत, पट्टीनं.

गेंदाबाई, बाणगंगा.
पलासियात तीन घरचा स्वयंपाक.
अंतर?
"निघते तेव्हा अंधार, पहिला कुकर लावते तेव्हा ऊन."
कारण?
"पायी चालणाऱ्या बाईला सगळा रस्ता विचारतो, कुठे चाललीस.
सायकलवरच्या बाईला विचारेपर्यंत
ती गेलेली असते."
रकान्यात मावलं नाही.
उरलेलं सहीच्या जागेवर लिहिलं.

तिला लेडीज हवी होती.
होती एकच, जांभळी, पुढे जाळीची टोपली.
वहीत दात्याच्या नावाच्या जागी
मी नुसतं 'रामबाग' लिहून ठेवलेलं.

ऊर्जिता फोनवर म्हणाली होती,
आई, दे ना कुणाला तरी. तू अजून पुसतेस की काय ती?
मी म्हटलं, छे.

इद्रीसभाई म्हणाले, ताई, मागच्या चाकाला कुलूप आहे. चावी?
म्हटलं, शोधते.
सोमवारी म्हटलं, शोधतेय.
बुधवारी घरी पाहुणे होते.
नव्हते.
चावी पर्समध्येच, किराण्याच्या याद्यांखाली,
तिला एक पितळी घुंगरू.
पर्स उघडली की ते वाजतं,
मी खोकते.

गुरुवारी गेंदाबाई आली ती पदर खोचूनच.
"पुढचं चाक तर फिरतंय ना?" म्हणाली.
कॅरिअरला धरून मागचं उचललं,
शाळेत न जाणारं पोर बखोटीला धरून न्यावं तशी
ती जांभळी सायकल घेऊन निघाली.
फाटकातून वळून म्हणाली,
"तोडेल कुलूप वस्तीतला कुणीतरी.
तुम्ही नका शोधू. दमाल."

दमाल, म्हणाली.
पर्सकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.

या वयात मी रस्त्यानं पळाले.
उसाच्या रसवाल्यानं चरक थांबवून बघितलं.
चिमणबागेच्या कोपऱ्यावर ती हात बदलायला थांबली होती,
तिथे गाठलं.
बोलायला श्वास नव्हता. चावी पुढे केली.

कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं,
दर दिवाळीला मी त्यात तेल सोडत आले होते.
तेही तिला कळलं असणार.
तिनं नखानं कडी वाकवून घुंगरू सोडवलं,
माझ्या तळहातावर ठेवलं,
चावी मंगळसूत्रात ओवली.

"चालवता येते ना?" मी विचारलं,
हा रकाना फॉर्ममध्ये घालायचा राहूनच गेला होता.
"नाही," ती म्हणाली. "पण रात्री मिलच्या भिंतीपाशी कुणी नसतं."

मग दोन्ही चाकं फिरवत
ती चालतच गेली,
फ्रीव्हीलची टिकटिक बरोबर घेऊन.

वहीत त्या तारखेला एवढंच आहे:
लेडीज सायकल एक.
कुलूप एक, चालू.